एकशे अठरा चौकटी

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

संकल्प: यंदा आमच्या घराण्याचा संपूर्ण नकाशा. मुदत ३१ मार्च. मुदतवाढ मिळणार नाही.

अवघड काहीच नाही. पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढली. रस्त्याखालून कुठली लाइन कुठे गेली ते कागदावर आणणं हाच धंदा. घराणं म्हणजे तरी दुसरं काय? मेन लाइन, तिच्या फांद्या, शेवटी घरगुती कनेक्शन.

निळी शाई रक्ताच्यांना. लाल शाई लग्नाने आलेल्यांना. तुटक रेघ, जिथे खात्री नाही तिथे. तुटक रेघ मारायची वेळ माझ्यावर नोकरीत कधी आली नाही.

हॉलची लांब भिंत मोकळी केली. हिचं शिवणयंत्र आतल्या खोलीत ढकललं. ही असती तर आधी भिंत पुसायला लावली असती. पुसली नाही. एकट्याने राहण्याचे हेच फायदे.

दुपारी १.१५

धाकट्या बहिणीचा फोन. दर रविवारी बरोबर एकला येतो. विचारलं, दादा, जेवलास का? हो म्हटलं. (चहा-बिस्किटं झाली होती. बिस्किटं सहा होती. त्याला जेवण म्हणायला हरकत नसावी.) म्हणाली, चार दिवस इकडे येऊन राहा, बसने चाळीस मिनिटं तर आहे. म्हटलं, कुटुंबाच्या कामातून सवड नाही.

९ जानेवारी, गुरुवार

नोंदणी कार्यालय. तळघर. ट्यूबलाइट दोन, त्यातली एक विचार करून लागते. जुनी रजिस्टरं सांभाळायला एक बाई आहेत. तोंडाला मास्क, हातात भिंग, भिंगाच्या दांड्याला चिकटपट्टी. मला काका म्हणाल्या. वय माझ्याएवढंच असेल. सोडून दिलं.

पहिल्याच दिवशी पणजोबांची जन्मनोंद मिळाली! १८८८. आणि दुधात साखर म्हणजे त्यांच्यानंतर तीन वर्षांनी एक धाकटा भाऊ. हा भाऊ घरात कोणालाच माहीत नव्हता. मी शोधला.

बाई म्हणाल्या, मृत्यूचं रजिस्टरही मागवू का, लोक आधी तेच बघतात. नको म्हटलं. ते वरच्या मजल्यावर असतं. तिथे मी एकदा गेलो होतो. बाकावर बसलो, नंबर यायच्या आत उठून आलो. हवा फार कोंदट आहे. शिवाय आपलं काम पुढे जायचं आहे.

२२ जानेवारी, बुधवार

मोठा शोध! धाकट्या भावाचं लग्न सापडलं. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. गल्ली वेगळी आहे. पण माणूस जन्मभर एकाच गल्लीत थोडाच बसून राहतो. वय सव्वीस लिहिलंय, आमच्या हिशेबाने एकवीस हवं. लग्नासाठी वाढवून सांगितलं असणार. (आमचे हेडक्लार्क कमी करून सांगत. तत्त्व एकच.)

बाई म्हणाल्या, काका, या नावाची माणसं तेव्हा पोत्याने होती. म्हटलं, बाई, शितावरून भाताची परीक्षा करायला अनुभव लागतो. त्यांनी भिंग पुसलं.

निळ्या शाईने रेघ मारली. सलग.

२ फेब्रुवारी, रविवार

त्या एका रेघेखाली काय पीक आलंय! चौकटी ७४. आणि आज सर्वांत खालची एक चौकट भरली: बाजारातले दाताचे डॉक्टर. काचेचं दार, मोठा बोर्ड. बारा वर्षं त्या बोर्डाखालून येतो-जातो, आपलंच आडनाव वाचतो. कधी काही वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहा, दर वेळी वाटायचं. डॉक्टर माझे भाऊ आहेत. चुलत, त्याचे चुलत, त्याचे चुलत. पण भाऊ.

बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणाली, दादा, हा कसला रे बादरायण संबंध? मत्सर, दुसरं काय. मग म्हणाली, जेवलास का? हो म्हटलं.

तिची चौकट काढली आहे. तिच्याखाली काही काढलेलं नाही. लग्न होऊन मुलगी गेली की पुढे दुसऱ्या खात्याची हद्द. नियम म्हणजे नियम. (माझ्या चौकटीखालीही काही नाही. पण तो नियम नव्हे. आम्हाला झालंच नाही.)

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांची भेट. भेटायचं तर अपॉइंटमेंट लागते, अपॉइंटमेंटला दात दुखावा लागतो. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, दुखतोय. खुर्चीत बसलो, नातं सांगायला तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, असंच उघडं ठेवा.

दाढ काढली. खरोखरच किडलेली होती म्हणे. नंतर ‘पणजोबा’ म्हणायला गेलो तर नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, बोलू नका, आठवड्याने या.

आठवड्याने या! परक्या माणसाला कोण असं म्हणतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टाके काढले. लगेच नकाशाची गुंडाळी उघडली. डॉक्टरांनी अर्धं मिनिट पाहिलं. म्हणाले, वा काका, छान छंद आहे. म्हटलं, काका नव्हे, भाऊ. हसले. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

हसण्याची ढब थेट माझ्या वडिलांची. फरक एवढाच की वडील फारसे हसत नसत.

परत येताना निर्णय झाला. कुलसंमेलन! रविवार, १६ मार्च, संध्याकाळी पाच.

३ मार्च, सोमवार

एकूण चौकटी ११८. हयात ४५. मी आणि बहीण सोडून त्रेचाळीस पत्रं. बहिणीला कशाला पत्र, घरच्या माणसाला कसलं आलंय आमंत्रण! सर्व पत्रं स्वतःच्या हाताने, ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिली. सोसायटीचा हॉल घेतला. खुर्च्या पन्नास, कोणी पोरंबाळं आणली तर पंचाईत नको. स्वागताचं भाषण पंचवीस मिनिटांचं. आरशासमोर म्हटलं, तेविसाव्या मिनिटाला मलाच भरून आलं.

नकाशा तपासताना एक त्रुटी दिसली. हिच्या चौकटीत जन्मतारीख आहे, पुढे आडवी रेघ आहे, आणि पुढे कोरं. खात्यात याच गोष्टीवरून मी पोरांना किती झापलंय. बंद झालेल्या लाइनवर बंद झाल्याची तारीख टाकलीच पाहिजे. नाहीतर पुढचा माणूस चालू समजून तिच्यावर जोडणी करतो, रस्ता खोदतो, आणि खाली पाण्याचा टिपूस नसतो.

सध्या गडबड आहे. नंतर बघू.

९ मार्च, रविवार

फोन. जेवलास का, हो. बहिणीला म्हटलं, पुढच्या रविवारी फोन करू नकोस, कार्यक्रम आहे. म्हणाली, कसला? म्हटलं, कुटुंबाचा.

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, बरं.

ठेवल्यावर लक्षात आलं, तिला ‘ये’ म्हणायचं राहिलं. पण तिला काय सांगायला हवं? यायचं असेल तर येईल.

१३ मार्च, गुरुवार. दुपार

भाषणात पणजोबांच्या धाकट्या भावाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. त्यांच्या मृत्यूची तारीख हवी. बाईंना म्हटलं, मी वर येत नाही, तुम्हीच रजिस्टरं आणा. आणली. दोन फेऱ्या झाल्या त्यांच्या. १९६० पासून मागे सुरुवात केली. नाही. चाळीस, तीस, वीस, नाही. मी म्हटलं, दीर्घायुषी असतील, आमच्यात असतात. बाई आपल्या मागे मागे जात राहिल्या. म्हटलं, एवढ्या मागे कशाला जाताय?

१८९३. वय दोन वर्षं. कारण ताप. आईवडील आमचे. गल्ली आमची.

म्हणजे एकवीस नाही, सव्वीस नाही. लग्न झालं ते कोणा भलत्याच माणसाचं. डॉक्टर त्या भलत्याचे पणतू. एका दोन वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मी एक्क्याऐंशी माणसं उभी केली.

बाईंनी रजिस्टर मिटलं. ‘पोत्याने होती’ हे पुन्हा म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

मग त्यांनी एक लिफाफा पुढे केला. वरच्या कारकुनाने दिलेला, आडनाव पाहून. हिच्या मृत्यूचा दाखला. अर्ज मीच केला होता. न्यायला गेलो नाही. सोळा महिने तिथे पडून होता. बाई म्हणाल्या, काका, इथे सही करा. केली. ड्रॉइंगचं अक्षर आलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

शांत डोक्याने विचार केला. पत्रं जाऊन पोचली. हॉल घेतलाय. ही माणसं आपली नाहीत हे फक्त मला आणि बाईंना ठाऊक आहे, आणि बाई बोलणाऱ्यातल्या नव्हेत. माणसं एकदा समोर बसली की नातं काय, आपोआप होतं. संमेलन होणार. भाषण मात्र दहा मिनिटांवर आणलं. धाकट्या भावाचा परिच्छेद काढला.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.३०

वेळ पाचची. साडेपाचपर्यंत मी दारात उभा. लोकांना वेळेचं भान नसतं. पावणेसहाला एक गृहस्थ आत आले. पुढे होऊन दोन्ही हात हातात घेतले. ते वीजमीटर पाहायला आले होते.

सहाला वॉचमन आला आणि मागच्या खुर्चीवर बसला. त्याचा गुडघा दुखतो. सव्वासहाला सोसायटीच्या ऑफिसच्या फोनवर डॉक्टरांकडच्या मुलीचा फोन आला. पत्रात नंबर दिला होता. म्हणाली, डॉक्टरांनी विचारलंय, दाढेचा काही त्रास नाही ना? नाही म्हटलं. म्हणाली, मग ते पत्र कसलं होतं? म्हटलं, चुकून आलं.

वॉचमनला नकाशा दाखवला. बोट फिरवत पाहिला त्याने. म्हणाला, केवढी माणसं आहेत साहेब तुमची!

पन्नास खुर्च्या आम्ही दोघांनी एकात एक घालून ठेवल्या. घरी आलो. दुपारी एकला येणारा बहिणीचा फोनही आज आलेला नाही. मीच नको म्हटलं होतं.

१९ मार्च, बुधवार

८१ चौकटी खोडल्या. सबंध सकाळ गेली. उरल्या ३७. हयात दोन.

हिच्या चौकटीत तारीख टाकली, १७ नोव्हेंबर. लाल शाईने, कारण लग्नाने आली. भिंतीवर धूळ होती, त्यामुळे तेवढ्या जागी कागद नीट बसत नव्हता. मग काढून सगळी भिंत पुसली.

फार एकटं वाटतंय. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

२३ मार्च, रविवार. दुपारी १.००

फोनजवळ बसलो आहे. सहज.

१.२०

रिसीव्हर उचलून पाहिला. आवाज येतोय.

१.४०

मी फक्त गेल्या रविवारी नको म्हटलं होतं. कायमचं नव्हे. माणसाने शब्द नीट ऐकावेत.

२.३०

मीच लावला. नंबर पाठ नव्हता, नेहमी तीच करते. फोनच्या जुन्या वहीत मिळाला, हिच्या अक्षरात.

उचलला एका लहान मुलीने. बहिणीची नात असणार. पाचेक वर्षांची. ही चौकट माझ्याकडे नाही. म्हणाली, कोण? म्हटलं, तुझ्या आजीचा भाऊ. म्हणाली, कुठला भाऊ? म्हटलं, एकच आहे, आणि तिला सगळं नीट समजावलं, तुझी आजी, तिचे वडील, त्यांचा मोठा मुलगा तो मी. नकाशा समोरच होता, एकही पिढी चुकली नाही.

मग म्हणाली, म्हणजे ते, न जेवता जेवलो म्हणणारे आजोबा?

हो म्हटलं.