निळ्या काठाचे ताट

१४ मार्च, गुरुवार

ताट अजून ओट्यावरच आहे. पहिल्या रोज्याला वरच्या मजल्यावरच्या वजदीच्या आईने त्यातून कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात पाठवला होता. आईने ते घासूनपुसून भिंतीला टेकवून ठेवले. शेजारणीचे ताट रिकामे परत करायचे नाही — अलेक्झांड्रियात हे कुणाला शिकवावे लागत नाही. त्यात घालायचे काय, हे मात्र कुणीच शिकवत नाही.

१७ मार्च, रविवार

कामावर, मतचाचणी केंद्रात, दिवसभर लोकांना फोन. "गेल्या वर्षापेक्षा तुमच्या घरची स्थिती सुधारली, तशीच आहे, की बिघडली?" माझा आवाज इतका सपाट झाला आहे की एका गृहस्थाने विचारले, "पोरी, तू माणूस आहेस की टेप?" मांसाविषयी विचारले, तर म्हणाला, "रोज असतं की! खाटकाच्या काचेपलीकडे." मी हसले नाही. 'बिघडली'वर खूण केली.

बाकी बहुतेकांचे उत्तर एकच — अल्हम्दुलिल्लाह, देवाची कृपा. साहेब म्हणतात, ते 'तशीच'मध्ये धरा.

२१ मार्च, गुरुवार

आज आमच्याकडे मातृदिन. मी आईला काही दिले नाही. तिने मागितले नाही.

तिन्हीसांजेला वजदीच्या आईच्या चपला जिन्यात वाजल्या, तशी आईने दिवा मालवला! दार ठोठावून ती ओरडली, "अगं राविया, तुझी आई जिवंत आहे का? की माझ्यावर सूड म्हणून मेली?" आम्ही दोघी अंधारात उभ्या. आईने ओढणीचे टोक तोंडात कोंबले होते. माझ्या जन्माच्या वेळी आईला दवाखान्यात नेणारी बाई ती हीच.

२५ मार्च, सोमवार

केंद्राचा फोन आमच्याच घरी आला असता, तर आई म्हणाली असती — अल्हम्दुलिल्लाह. आणि मी 'तशीच'वर खूण केली असती.

ताट तिथेच.

२८ मार्च, गुरुवार

"रिकामंच देऊन टाकू ना," मी म्हटले.

"आधी मला पुरून ये. मग दे!"

मला काही वाटले नाही. हल्ली काहीच वाटत नाही.

३१ मार्च, रविवार

कामावरून परतले तेव्हा आई झोपली होती. ताट उचलले आणि वर गेले. काय बोलायचे ते पाठ केले होते; दार उघडताच विसरले. नुसतेच ताट पुढे केले.

वजदीच्या आईने त्यात पाहिले. "काहीच नाही?"

"काहीच नाही, मावशी."

ती भिंतीला टेकली. मग माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मांडणीवर ताटे — तळमजल्यावरच्या शिंपिणीचे, समोरच्या मास्तरांचे, आणखी कुणाकुणाची. सगळी घासलेली. सगळी परक्यांची, परत न गेलेली.

"यांच्या दारांवरून जाताना चपला हातात घेते गं मी. तुझ्या आईच्या दारापाशीच तेवढ्या वाजवते, की निदान हिचा तरी आवाज ऐकू यावा. आणि ही बया दिवा मालवते!"

आईला मी काही सांगितलेले नाही. ओट्यावरची मोकळी जागा तिने पाहिली.

१ एप्रिल, सोमवार

रोजा सोडण्याच्या थोडे आधी जिन्यात ताटांचा खणखणाट, सोबत वजदीच्या आईच्या चपला. वरून खाली, दारोदार. सगळी रिकामी!

आई ऐकत राहिली. मग उठली, ओढणी सारखी केली, दिवा लावला आणि दार सताड उघडे ठेवले.