आसळखिंडीतला निरोप

८ मार्च
खालापूर तालुक्यातल्या या गावात आज शाळेत रुजू झालो. दोन खोल्या मिळाल्या, पाणी चांगलं, हवा त्याहून चांगली. प्रणिताची पुण्याहून बदली होईपर्यंत सानवी आणि मी, बापलेक दोघंच. मुख्याध्यापकांनी चहाबरोबरच काम हातात ठेवलं: बारा तारखेला आसळखिंडीतल्या लढाईचा स्मृतिदिन, भाषण मी करायचं. चौकात फ्लेक्स लागलाय. त्यावर सव्वीस पुढारी हात जोडून उभे, आणि लढाई जिंकणारा सरदार कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. इथे इतिहासाला एवढीच जागा.

१० मार्च
शाळेचा शिपाई नागू आज मला शिकवायला आला. खिंडीत कोंडलेली शत्रूची फौज पाण्यावाचून मेली, ती अजून तिथेच आहे म्हणे. "गुरुजी, तिथून निघताना 'येतो' नाय म्हनायचं. 'जातो' म्हनायचं. येतो म्हनलं का ते वाट बघत बसतात." घरातून निघताना कोणी 'जातो' म्हटलं तर याच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. खिंडीत मात्र उलटं. अडाणीपणालाही काही शिस्त असावी.

१२ मार्च
मांडव खिंडीच्या तोंडाशीच होता. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि लढाई कोण जिंकलं यातच घोटाळा करून गेले. त्यांना टाळ्या. माझ्या भाषणाला जांभया. मग मीही शेवटी खिंडीकडे वळून माइकवर ठणकावून म्हणालो, येतो बरं का. सगळ्यांच्या माना खाली. सानवीला गंमत वाटली, तिनेही हात हलवून "येते हं" म्हटलं. नागूने धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. मी त्याला सर्वांदेखत झापलं. भजी तशीच टाकून पाच मिनिटांत मांडव रिकामा झाला. ही म्हणे शूरांची भूमी.

१३ मार्च
भर दुपारी अंगणात बरीच पावलं वाजली. कोणी नव्हतं. सानवी सकाळपासून पाणी पितेय. हंडा संपला, तहान जात नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. तेच असणार.

१४ मार्च
तिचे ओठ फुटलेत. म्हणते, बाबा, ती माणसं दारात उभी आहेत, मला न्यायला आलीत. मला कोणी दिसत नाही. कर्जतला नेलं, सलाईन लावलं. रिपोर्ट चांगले, घसा कोरडाच. नागू आला. खाली बघत म्हणाला, "लेकराचा शब्द बापानं पाळला तरी चालतो." हाकलून दिला त्याला. गावंढळ —

१५ मार्च
सकाळी ती उठून चालू लागली. डोळे मिटलेले. मी धरली तर पलीकडून कोणी ओढत होतं — दंडावर बोटं उमटलीत. माझी नाहीत. भीती वाटते. माझ्याच शहाणपणाची किळस येते. प्रणिता पुण्याहून निघालीय. नागूचे पाय धरले, सानवीपाशी बसवलं. मीच जातो.

खिंडीत, दुपारी
आहेत. दगडादगडाआड बसलेत. एकाने सरकून जागा दिली. बसलो. वाटलं, ती सुटली —
पण सगळे अजून वाटेकडेच बघतायत.
मी तर माझाच शब्द पाळला. माइकवर दिलेला. तिचा अजून —
खालून कोणी येतंय. एकटंच. छोटी पावलं —
नागू, अरे धर तिला —
सानवी, मागे फिर, बाळा, मागे —