कपाटातली बाई

५ ऑगस्ट
कॉलेजचा पहिला दिवस! निजामाच्या काळातली दगडी इमारत, आणि कमानी एवढ्या उंच की आमच्या येलदरीचं अख्खं लिंबाचं झाड आत मावेल. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरातली बी.एस्सी.ला आलेली मीच पहिली. ॲप्रन घालून फोटो पाठवला, तर आईचा लगेच फोन, "ज्ञानू, डाक्टरीणच दिसायलीस की!" हॉस्टेलला खोलीत पूर्ण्याची शीला आहे. तिचे वडील रेल्वेत. लय हसते पोरगी.

९ ऑगस्ट
प्राणिशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल. लॅबमध्ये काचेच्या कपाटात माणसाचा सांगाडा टांगलाय. खरा. ओमप्रकाश सरांनी पट्टीनं एकेक हाड दाखवलं. कमरेच्या हाडावरून ही बाई. मानेचे मणके झिजलेले, म्हणजे डोक्यावर ओझी वाहिलेली. डावा हात मोडून वाकडा जुळलेला. पोरं तिला 'मिस परभणी' म्हणतात. आमच्या वर्गातल्या प्रीतमनं तिला गॉगल चढवला, कमरेत हात घालून रील काढली. सरही हसले. माझी आई डोक्यावर चाऱ्याचे भारे आणते. मला हसू आलं नाही.

१३ ऑगस्ट
लॅबचे शिपाई सटवाजीमामा यांना विचारलं, ही कोण? आधी टाळलं, मग सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. उन्हात पडली ती उठलीच नाही. बेवारस म्हणून कॉलेजनं आणली. मामांचे वडील तेव्हा इथं शिपाई. मागच्या अंगणात त्यांनीच कढईत हाडं उकळून साफ केली. मामा तेव्हा सहा वर्षांचे. आठ दिवसांनी नवरा शोधत आला, कडेवर लेकरू. साहेबांनी सांगितलं, इथं कोणी बाई आणलेली नाही.
बेवारस! नवरा दारात उभा असताना बेवारस!

१६ ऑगस्ट
प्राचार्यांना अर्ज दिला, बाईला माती द्या. म्हणाले, "ती आता बाई नाही, शैक्षणिक साहित्य आहे." आणि माझ्या अर्जावर चहाचा कप ठेवला.

१९ ऑगस्ट
प्रीतमच्या रीलमधलं गाणं गेलं. आता तिथं खडी फोडल्याचा आवाज येतो. ठक्. ठक्. शीलानंही ऐकला. त्यानं तीनदा रील काढून टाकली, ती परत येते.
कपाटातल्या बाईचा जबडा आज उघडा होता. तो बांधलेली तार मात्र शाबूत.

२१ ऑगस्ट
प्रीतमचा डावा हात मोडला. भर दुपारी, जिन्यावर. कुणीतरी पिरगाळला म्हणतो. मागं कोणीच नव्हतं.
मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! भोग म्हणावं.

२२ ऑगस्ट
ओमप्रकाश सरांची मान वर होत नाही. डोक्यावर काहीतरी जड ठेवल्यासारखे चालतात. मी हसले. सटवाजीमामांनी मला बाजूला घेतलं, "हसू नको, पोरी. तिला आपलं-परकं कळंना झालंय."

२३ ऑगस्ट
मामा गेले. लॅबमध्ये पडले होते. बाहेर पाऊस, आणि अंग तव्यासारखं तापलेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय.
मामांनी काय केलं होतं? सहा वर्षांचं पोर! तिचा आला तेवढा राग मला कधी कुणाचाच आला नव्हता.

२४ ऑगस्ट, दुपारी
जाब विचारायला एकटीच आले — कपाट उघडं. आत कोणी नाही. मागं दार लागलं, हलत नाही. हाका मारल्या. लिहून ठेवते, कुणाला तरी कळावं —
ठक्. टेबलाखाली —
ओरडून सांगितलं, बाई, तुमच्यासाठी मी भांडले. अर्ज मीच दिला. परत परत सांगितलं —
तिला कान नाहीत. डोळेही नाहीत. हे मला आधी कसं सुचलं नाही. ती नुसती चाचपते. हाताला जो लागेल —
टेबलाच्या कडेवर बोटं. सरकतायत. वहीपर्यंत आली. मी हात मागं —