बाविसाव्या दिवशीची अजान

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९७५

दोन महिने आधी आलेलं आमचं बाळ आज सिस्टरनी काचेच्या पेटीतून काढून पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. आपलं आपण श्वास घेतंय! जन्मल्याबरोबर कानात द्यायची अजान राहून गेली होती. पण तो कान... पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ. कासारवाडीच्या गॅरेजात दिवसभर ओरडणारा मी, त्या कानाशी वाकलो आणि शब्दच आठवेनात. रोज पाच वेळा ऐकलेले! मग जुबेदा पाठीमागून हळूच सांगत गेली, मी म्हणत गेलो.

बाळानं डोळे उघडले. अजान माझी झाली की तिची? काय विचारतोय मी! त्या कानानं सात महिने पोटात तिचाच तर आवाज ऐकलाय.