सैल क्लॅम्पचे पाच रविवार

प्रिय ठकू,

पत्र पाहून दचकू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या आईचं गुडघ्यांचं रडगाणं आणि त्या रडगाण्याबद्दलचं माझं रडगाणं सोडलं, तर घरात नवीन काही नाही. आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहेच. बापलेकीचं भांडण झालं की लगेच फोन करायचा नाही, रविवारी सकाळी आठला आधी आपापल्या हॅम रेडिओवर भेटायचं. तिथे सगळं जग ऐकत असतं, त्यामुळे हवापाणी आणि आवाज कसा येतोय, एवढंच बोलता येतं. शिवाय एकाचं बोलून झाल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही. तेवढ्यात राग निवतो, मग फोन. या वेळचं भांडण मोठं होतं. तू नवऱ्याचं घर सोडते म्हणालीस आणि मी तुझं धड न ऐकता, भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून फोन ठेवला. तरी मला वाटत होतं, रविवारी तू येशील.

पहिल्या रविवारी पावणेआठलाच खुर्चीत बसलो. अँटेना फिरवायच्या टेबलावरच्या डब्याचा काटा तुझ्या गावाच्या दिशेला आणून ठेवला. वर गच्चीत अँटेनाची मोटर घरघरली, खाली मी तुला हाका मारल्या. उत्तर नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. बाकीचे लोकही क्षीण ऐकू येत होते, पण सूर्यावरच्या वादळांनी रेडिओलहरी बिघडतात, म्हणून मी सूर्यावर खापर फोडून मोकळा झालो. सूर्य बिचारा उलटून बोलत नाही. तिसऱ्या रविवारनंतर मात्र मी ठरवून टाकलं की पोरगी रागावली आहे. खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. तू आली असतीस तर मागोमाग फोन आला असता आणि मला तुझं ऐकावं लागलं असतं. आपणहून फोन करायला माझी बोटं वळली नाहीत. आई तुझ्याशी बोलते, पण आपल्या दोघांमध्ये पोस्टमन व्हायचं नाही, हे तिने केव्हाच जाहीर केलं आहे. तूही तिला यातलं अवाक्षर सांगितलं नाहीस. शेवटी मुलगी कोणाची?

अँटेना फिरवणारी ती मोटर, तो रोटेटर, बसवला तेव्हा तू कॉलेजात होतीस. मी लोखंडी खांबाला चिकटून होकायंत्र बघत होतो आणि उत्तर दिशा दर वेळी नवीनच सापडत होती. तू मला हाताला धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलंस आणि लोखंडापासून लांब उभं राहा म्हणालीस. मी मुकाट्याने ऐकलं. तेव्हा मी तुझं ऐकायचो, हे आता लिहिताना मलाच नवल वाटतंय.

चौथ्या रविवारनंतर डबा उघडला. आठही तारा मीटर लावून तपासल्या, जोड घासले, फ्यूज बदलला. सगळं शाबूत. मोटर फिरते, काटा फिरतो, मग रोटेटर ठीकच असणार. एवढी वर्षं या छंदात घालवून मी असा शहाणपणा केला. पाचवा रविवारही तसाच कोरडा गेला. त्या दुपारी तुझी आई कपडे वाळत घालून खाली आली आणि म्हणाली, की तुमच्या त्या अँटेनाच्या काड्या महिनाभर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभ्या आहेत. तुला त्यातलं काय कळतं, असं मी म्हणालो. त्यावर ती उलट पावली पुन्हा गच्चीकडे निघाली. मग तिला वर उभं केलं आणि खाली काटा पूर्ण फिरवला. मोटर फिरत होती, अँटेना ढिम्म. आपलं भांडण झालं त्याच आठवड्यात वादळ आलं होतं. आईच्या दोन कुंड्या फुटल्या, त्यांचंच आम्ही आठवडाभर सुतक पाळलं. वर अँटेनाचा खांब मोटरला आवळून धरणारा क्लॅम्प सैल होऊन खांब त्याच्या आतच घसरत होता, हे कोणी पाहिलं नाही. काटा मोटरची दिशा दाखवतो, अँटेनाची नाही. मी काट्याकडे बघून तुझ्याशी बोलत होतो आणि सगळं बोलणं टाकीला ऐकवत होतो. शिडी चढायला मला आईची परवानगी नाही. नळवाल्याला बोलावलं. त्याने क्लॅम्पमधून खांबाला आरपार भोक पाडलं, पिन ठोकली आणि मला वरून दोन उपदेशही केले.

परवा सहावा रविवार. आठला दोन मिनिटं होती आणि तुझा आवाज आला, खणखणीत, शेजारच्या खोलीतून यावा तसा. सहावा रविवार आहे म्हणालीस. हवा ठीक आहे, ऐकू येत असेल तर सांगा, म्हणालीस. तेव्हा कळलं, तू एकही रविवार चुकवला नव्हतास. मग तू थांबलीस. माझा अंगठा माइकच्या बटणावर होता, ठकू, आणि मी तो दाबला नाही. तू आणखी दोनदा हाक मारलीस आणि गेलीस.

म्हणून हे पत्र. पाच रविवार क्लॅम्पचे होते, सहावा माझा. तो कशावर ढकलता येणार नाही आणि ढकलायचाही नाही. अंगठा दाबला असता तर हवेबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मला हवेबद्दल काही बोलायचं नव्हतं. फोनवर बोलायला गेलो तर मी ओरडतो, तुला माहीत आहे. जे सांगायचं ते एवढंच. त्या दिवशी तू सांगत होतीस ते मी ऐकायला हवं होतं. तिथे राहून सहन कर, असं मी तुला पुन्हा कधी म्हणणार नाही. तुझी खोली आईने झाडून ठेवली आहे, पलंग मी खिडकीशी सरकवला आहे. सामान घेऊन ये. कारण सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगूस.

उशिरा शहाणा झालेला, पण तुझाच,
बाबा