माळावरचा वड मितेशनेच काढावा

रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६. सकाळी दाढी केली. पासबुके आणि सदनिकेचे करारपत्र काढून टेबलावर ठेवले. जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

मी, महिपत सखाराम पाटकर, वय ७१, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी पत्नी मंजुळा गेल्या श्रावणात वारली.

राहती सदनिका, ठेवी व घरातील वस्तू माझा एकुलता मुलगा मितेश, राहणार ठाणे, याला मिळाव्यात. मंजुळाच्या साड्यांचे कपाट मी अजून उघडलेले नाही. ते त्याने किंवा सूनबाईने उघडावे.

कुदळी, पहारी, विळे व चामडी हातमोजे उर्वी भोईर हिला द्यावेत. शीळफाट्याच्या अलीकडे वनखात्याचा राखीव गवताळ माळ आहे. तिथे मंजुळा दर रविवारी स्वयंसेवकांना घेऊन घाणेरी आणि सुबाभूळ ही गवताला मारणारी बाहेरची झाडे उपटत असे. आता ते काम उर्वी पाहते. घाणेरी मुळासकटच काढावी. नुसती छाटली तर जोमाने फुटते, हे नव्या मुलांना दर वेळी सांगावे लागते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मंजुळाला भर सभेत "झाडतोडी बाई" म्हणाले होते. त्यांना माझ्या शोकसभेत भाषण करू देऊ नये. चहा द्यावा. एकदा ते टेम्पोभर रोपे घेऊन माळावर आले. "वहिनी, एवढी मोकळी जागा वाया चाललीय." ती म्हणाली, "तुमचा हॉलही मोकळाच आहे की. तिथे लावा."

आता मुख्य बाब. तेराव्यानंतरच्या रविवारी मितेशने आईच्या आठवणीसाठी माळाच्या मध्यावर वडाचे रोप लावले. तिथे चंडोल पक्षी जमिनीवर घरटे करतो. झाड वाढले की त्यावर कावळे बसतात आणि पिल्ले उचलतात. सावलीत गवतही मरते. म्हणूनच मंजुळा तिथे झाड उभे राहू देत नसे. मी उर्वीला विचारले, तू गप्प का राहिलीस? "काका, कळत होतं ओ सगळ्यांना. पण तो रडत रडत खड्डा खणत होता. बोलणार कोण?" मी मितेशला फोन करून तो वड तिथून काढायला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, आईचं एक झाड पण सहन होत नाही का तुम्हाला?" त्यानंतर त्याचा फोन नाही.

तरी माझी इच्छा अशी की, तो वड मितेशने स्वतःच्या हाताने, मातीसकट काढून त्याला हवा तिथे न्यावा. तोवर कोणी हात लावू नये. माझ्यामागे पहिला पावसाळा लागेपर्यंतही तो आला नाही, तर उर्वीने काढून त्याच्या दारात पोचवावा. माझ्या नावाने माळावर काहीही लावू नये. मितेशला वर जे दिले आहे त्याला ही अट लागू नाही. त्याने वड काढला नाही तरी ते त्याचेच आहे.

सह्या झाल्यावर साक्षीदार मंडळी घरी जातील. मी पाण्याचा कॅन घेऊन रिक्षाने माळावर जाईन. जमीन कडक झाली आहे, आणि मितेश न्यायला येईपर्यंत ते रोप जगायला हवे.

(सही) महिपत सखाराम पाटकर

महिपतकाकांनी हे आम्हा दोघांना वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. (सही) राकेश तांबे, शेजारी २. (सही) क्षिप्रा कांबळे, शेजारी

डोंबिवली, दि. ८ फेब्रुवारी २०२६