दुसऱ्या झुंजीचं देणं

उराझाकी, ओकी बेट
३ जून १९६२

चि. इसामु यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं खुशालीचं कार्ड पोचलं. नुसतं खुशाल आहे एवढं सांगायला तिकीट कशाला खर्ची घालतोस रे? खुशाल नसतास तर बोटीनं घरी आला असतास, ते मला न लिहिताही कळलं असतं. हे नेहमीप्रमाणे तुझी आई लिहिते आहे. माझं बोलणं ती जसंच्या तसं उतरवते की आपल्या चवीचं मीठ लावते, ते मला अक्षरशत्रूला कुठून कळणार? म्हणून शेवटी मोठ्यानं वाचायला लावते आणि तिच्या तोंडाकडे बघत बसते. आत्ता हसली बघ. लिही गं, हेही लिही.

जिल्ह्यातल्या शाळांची सुमोची स्पर्धा तोंडावर आली आहे, तुमच्या संघात सर्वांत शेवटी तू उतरणार आहेस आणि जिंकलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार आहे, हे मला कुणी सांगितलं? बोटीवरच्या तिकीटवाल्यानं! आणि तुमचे होत्ता सर म्हणे तुला बैलाचं अंग आणि चिमणीचा जीव म्हणतात. त्यांना सांग, चिमणीलाही चोच असते.

तिथे मुख्य भूमीवर एकदाच झुंजतात म्हणे. मग हरलेलं पोर घरी काय घेऊन जातं? आपलं बरं आहे. देवळासमोर त्याच दोघांच्या दोन झुंजी, पहिली जिंकणाऱ्यानं दुसरी सोडायची, की कुणाच्याच मनात काटा राहत नाही. काल दुपारी डोळा लागला तेव्हा तुझे आजोबा दिसले. जिंकल्यावर रिंगणाचा खांब त्यांना बक्षीस मिळाला होता ना, त्या खांबावर बसवून गावानं त्यांना पहाटे घरी आणलं. खांदा देणारी माणसं धुक्यात बुडालेली. तेव्हा मी नवी नवरी. मला वाटलं, हा माणूस लाकडावर बसून हवेतूनच येतो आहे. म्हटलं, अगं बाई, याला जेवायला काय वाढू!

लोभ आहेच, तो वाढव आणि भातही दोन घास जास्त खा.
तुझी आजी योने

मात्सुए
१९ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. माझ्यामुळे.

सकाळी एकेकट्याच्या झुंजींत मी कुराताला हरवलं. हा हामादाकडच्या शाळेचा. त्याच्या घरचे कौलांच्या भट्टीवर कामाला आहेत. माझ्याच वयाचा, माझ्याहून जड. दुपारी संघांच्या शेवटच्या फेरीत दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पाचवी झुंज पुन्हा आमच्या दोघांवर आली. मी त्याला रेटत कडेपर्यंत नेलं. त्याची टाच रिंगणाभोवतीच्या पेंढ्याच्या कडेला लागली. एकदा छाती पुढे घातली की संपलं. तेवढ्यात लोकांचा गलका कुठेतरी लांब गेला. ऊन पातळ मधासारखं सावकाश उतरत होतं. मला वाटलं, मी आपल्या देवळासमोर उभा आहे. याच्याशी एकदा झालंय की, आता याची पाळी. हात सैल पडले. मी ठरवलं नव्हतं, आजी. पुढचं आठवतं ते आकाश.

मी मुद्दाम हरलो का, हेच मला कळत नाही.

संघातले चौघं माझ्याशी बोलत नाहीत. जेवणघरात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. कुराताचे वडील आनंदानं रडत होते आणि तेच त्याला बघवत नव्हतं. त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, की तू सोडलीस का. मी अंगावरची वाळू झाडत राहिलो. मग तो म्हणाला, की भीक वाढायला तुला आमच्या घरी कुणी बोलावलं होतं?

कमरपट्टा घडी करून सरांच्या टेबलावर ठेवून आलो. आता पुन्हा रिंगणात उतरणार नाही. आईला रडू देऊ नकोस.
तुझा इसामु

उराझाकी
२७ जून

चि. इसामु यास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझ्या आईला रडू देऊ नकोस म्हणतोस, पण लिहिणारी तीच! मध्येच थांबलो होतो. आता नाक पुसून बसली आहे.

मुद्दाम की कसं, ते मला काय विचारतोस? पण एक ऐक. आपल्याकडे दुसरी झुंज असते हे दोघांनाही ठाऊक असतं. घेणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून तर ते देणं. कुराता बिचारा सकाळची हार पचवून, तोंड पुसून उठला होता. त्याच्या ताटात तू न विचारता वाढलंस. आणि वाढलंस ते कुणाच्या ताटातलं? तुझं एकट्याचं असतं तर हवं तेवढं द्यायचं होतंस. तू त्या चौघांच्या ताटातलं उचललंस, बाळा. औदार्य करायचं तर ते आपल्या भांड्यातलं करावं.

तेव्हा आधी चौघांसमोर बस. रडू नकोस, नाहीतर तेच तुला समजावत बसतील आणि त्यांचा राग तसाच राहील. मग कुराताकडे जा. देवळाचं छप्पर यंदा नवं झालं आहे, म्हणून ऑक्टोबरात आपल्या झुंजी आहेत. त्याला म्हणावं, आमच्या आजीनं बोलावलंय. तिला लिहिता येत नाही, पण स्वयंपाक येतो.

रागावले आहे, तरी लोभ चुलीवरच आहे, विझलेला नाही.
आजी

मात्सुए
२२ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

चौघांना सांगितलं. मोरिवाकी आमचा कप्तान. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, की तुमच्या बेटाची रीत छान आहे, पण माझी ही शेवटचीच संधी होती. एवढंच. मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. आज सकाळी त्यानं माझ्या हातात रिंगण झाडायचा झाडू दिला आणि निघून गेला. मी झाडलं. उद्याही झाडणार आहे.

कुराताकडे आगगाडीनं गेलो. समुद्र खिडकीतून इतका वेळ सोबत होता, की उतरताना त्याचा निरोप घ्यावासा वाटला. कुराता भट्टीजवळ कौलं रचत होता. माझ्याकडे न बघता सगळं ऐकलं. मग म्हणाला, की येईन, पण दोन्ही वेळा आपटायला येईन. तुझ्या आजीला तसं कळव.

तर कळवतो आहे. रीत मोडली तर गाव काय म्हणेल?
तुझा इसामु

उराझाकी
३० जुलै

चि. इसामु यास आशीर्वाद.

गाव काय म्हणेल? गाव म्हणेल, योनेच्या नातवाला दोनदा आपटला. आपटू दे की. तुला हाडं दिली आहेत ना तुझ्या आईनं? फक्त तू मऊ पडू नकोस. पाहुण्याला पोकळ भोपळा वाढला तर तो माझा अपमान.

सध्या रात्री माकुलं धरायला होड्या दिवे लावून जातात. मला वाटतं चांदण्यांचंच गाव पाण्यावर राहायला आलंय. तुझी आई म्हणते, हे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, तू लिही, तो हसेल.

येताना भूक घेऊन या, दोघेही.
आजी

हामादा
१७ ऑक्टोबर

ती. योने आजींना कुराता हारुओचा आदरपूर्वक नमस्कार.

हे पत्र काकू तुम्हाला वाचून दाखवतील. माझं अक्षर भट्टीवरचं आहे, त्यांनी माफ करावं.

पहिली मी जिंकलो, ते तुम्ही पाहिलंत. इसामुनं हाडं मोडेपर्यंत जोर लावला होता. तो जोर खोटा नव्हता, हे छातीला कळतं. दुसरीच्या वेळी माझ्या मनात काय होतं तेही तुम्हाला ठाऊक होतं, तरी आदल्या दिवशी मला तीन वाट्या भात वाढलात. मी दुसरीही जिंकणार होतो. लोक रिंगणात शुद्धीचं मीठ इतकं उधळत होते, की समोर इसामु आहे की नुसतंच पांढरं, कळेना. मी त्याला कडेपर्यंत नेलं. तुम्ही ओरडलात, की अरे पोरा, इथेच घर बांधतोस का आता! सगळे हसले, आणि मला वाटतं मीही हसलो. मग कुठलाच आवाज नाही. मीठ हळूहळू खाली बसत होतं. माझी पाठ वाळूत होती, आणि सगळं गाव माझ्या नावानं ओरडत होतं, जणू जिंकलो तो मीच.

परतताना बोटीत इसामुला विचारलं, की जूनमध्ये तू खरंच सोडली होतीस का. तो म्हणाला, अजून कळत नाही. मी म्हटलं, बरं झालं, कारण परवा मी पडलो की तू पाडलंस, ते मलाही कळत नाही.  

इसामु म्हणतो, आजी अगदी कडेला बसली होती, तिनं पाहिलं असणार, तिला विचार. पण आजी, मी विचारत नाही. तुम्ही पाहिलं असेल, तरी सांगू नका.

लोभ केलात तसाच राहू द्यावा.
आपला
हारुओ